तिसऱ्या वर्षाची पट्टी : महाविद्यालयातील एनसीसीची तुकडी कशी चालवावी

राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे एनसीसीत, दोन वर्षे काढून तिसऱ्या वर्षी सीनिअर अंडर ऑफिसरची रँक मिळालेल्या किंवा मिळण्याची शक्यता असलेल्या विद्यार्थ्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ही रँक बहुतेकांना चांगल्या ड्रिलमुळे मिळते, आणि ती मिळाल्यानंतर पहिल्या पंधरा दिवसांतच त्यांच्या लक्षात येते की ड्रिल हा या कामाचा लहानसा भाग आहे. उरलेले काम वह्यांचे, फोनचे, फॉर्मचे आणि रुसलेल्या माणसांचे असते. मी जिल्ह्याच्या गावातील एका महाविद्यालयात स्थलसेना विभागाचा सीनिअर अंडर ऑफिसर, म्हणजे एसयूओ, होतो. पुढे जे लिहिले आहे त्यातील बरेचसे मला चुका करून शिकावे लागले.

आपण कोणावर आणि कशाच्या बळावर अधिकार चालवणार आहोत, हे आधी समजून घ्यावे. एनसीसी १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. त्याआधी विद्यापीठांमध्ये १९१७ पासून युनिव्हर्सिटी कोअर आणि नंतर युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर अशा तुकड्या होत्या, आणि महाविद्यालयातील प्राध्यापकानेच गणवेश घालून मुलांना उभे करायचे ही रीत तेव्हापासूनची आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. ही शेवटची गोष्ट तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तुमच्यासमोर रांगेत उभा असलेला एफवायचा मुलगा स्वतःच्या मर्जीने आलेला असतो आणि त्याला नकोसे झाले तर तो भांडणार नाही, राजीनामाही देणार नाही. तो फक्त पुढच्या रविवारी येणार नाही. त्याला थांबवून ठेवणारे दोनच धागे असतात : एक प्रमाणपत्राचा आणि दुसरा त्याला तिथे माणूस म्हणून मिळणाऱ्या वागणुकीचा. पहिला धागा शासनाने दिलेला आहे, दुसरा तुम्हाला विणावा लागतो.

तुमच्या वर दोन दिशांनी माणसे असतात. एका बाजूला महाविद्यालयातील असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे एएनओ सर किंवा मॅडम. हे मुळात इतिहासाचे, रसायनशास्त्राचे किंवा शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक असतात, प्रशिक्षणासाठी पुरुष अधिकारी आपल्या नागपूरजवळच्या कामठीला आणि महिला अधिकारी ग्वाल्हेरला जाऊन येतात, आणि परत आल्यावर त्यांना तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली यांतून वेळ काढून तुकडी पाहावी लागते. दुसऱ्या बाजूला बटालियनचा पीआय स्टाफ, म्हणजे सेवेत असलेले हवालदार आणि सुभेदार, ज्यांना आपण उस्ताद किंवा साहेब म्हणतो. एएनओ सरांना प्राचार्यांना उत्तर द्यायचे असते आणि उस्तादांना युनिटच्या कर्नल साहेबांना. या दोघांच्या वेळा, शब्द आणि घाई वेगवेगळी असते. एसयूओ हा या दोघांमधला निरोप्या असतो, हे कमीपणाचे वाटले तरी खरे आहे, आणि निरोप जसाच्या तसा, वेळेवर आणि स्वतःची भर न घालता पोहोचवणारा एसयूओ दोन महिन्यांत दोघांचाही विश्वास मिळवतो. उस्ताद फोनवर जे सांगतील ते त्याच क्षणी कागदावर लिहून त्यांना वाचून दाखवावे. "अडतीस कॅडेट, सकाळी सहा, युनिटचे मैदान, पीटी ड्रेस" या निरोपातला एक शब्द चुकला तर अडतीस मुले खाकीत जाऊन उभी राहतात आणि दिवसभर तुमचे नाव घेतात.

एएनओ सरांशी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दहा मिनिटे बोलावे. दर वेळी अडचण घेऊनच गेलो तर सरांनाही आपले तोंड अडचणीसारखे दिसू लागते, म्हणून काय झाले, काय व्हायचे आहे आणि कोणत्या कागदावर सही हवी, या क्रमाने बोलावे. सही लागणारे कागद एकाच दिवशी, एका फाइलमध्ये, सहीच्या जागी पेन्सिलने खूण करून न्यावेत.

भरती

जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश झाले की भरतीचा दिवस येतो. जागा मर्यादित असतात, कारण साधारणपणे जितकी मुले तिसरे वर्ष संपवून बाहेर पडली तितकीच आत घेता येतात. धावणे, उंची, थोडे प्रश्न आणि वैद्यकीय तपासणी हे सगळे अधिकारी आणि उस्ताद पाहतात. निवड तुमच्या हातात नसते आणि नसलेलीच बरी, कारण ओळखीच्या मुलाचा शब्द टाकण्याचा मोह त्यामुळे टळतो. तुमचे काम रांगेचे, पाण्याचे आणि कागदांचे आहे. भत्त्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येत असल्याने फॉर्मवरचे नाव, आधार कार्डावरचे नाव आणि पासबुकावरचे नाव तिन्ही अक्षरशः एकसारखी आहेत का, हे त्याच दिवशी तपासावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याची पद्धत असल्याने एका कागदावर तीन शब्द आणि दुसऱ्यावर दोन शब्द असे हमखास होते, आणि मार्चमध्ये हेच नाव प्रमाणपत्रावर चुकीचे छापून येते. भरतीच्या रांगेत दोन मिनिटांत निस्तरणारी गोष्ट प्रमाणपत्र छापल्यावर सहा महिने निस्तरत नाही.

मुलींच्या भरतीत आणखी एक काम असते, ते कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. मुलगी तयार असते, घर तयार नसते. शिबिरात राहण्याची सोय कशी असते, सोबत महिला अधिकारी असतात का, रात्री फोन करता येतो का, हे आईवडिलांना विचारायचे असते आणि विचारायला कोणी नसते. अशा घरी एसयूओने नव्हे, तर मागच्या वर्षी शिबिराला जाऊन आलेल्या मुलीने आणि शक्य असल्यास तिच्या आईने फोन करावा. एका आईने दुसऱ्या आईला सांगितलेली गोष्ट आपल्या दहा आश्वासनांपेक्षा लवकर पटते.

हजेरीची वही

तुकडी कशावर चालते असे मला कोणी विचारले तर मी हजेरीच्या वहीवर असे सांगेन. महाविद्यालयात एनसीसीचे आधी बी आणि मग सी प्रमाणपत्र मिळते. बी प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचे तर दोन वर्षांच्या प्रशिक्षणात पंचाहत्तर टक्के हजेरी आणि एक शिबिर लागते. सी प्रमाणपत्रासाठी हातात बी असावे लागते, तिसरे वर्ष पुरे करावे लागते आणि आणखी एक शिबिर लागते. मुलांना ही अट पहिल्या दिवशी सांगितली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती विसरली जाते. समजा वर्षात चाळीस परेड झाल्या, तर तीस भरायला हव्यात, म्हणजे दहा चुकवता येतात. दिवाळीपर्यंत ज्याच्या सात चुकल्या आहेत त्याला हे दिवाळीतच कळले पाहिजे. म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे 'किती आला' याचा रकाना असतोच, त्याच्या शेजारी 'आता किती चुकवू शकतो' असा एक रकाना लाल शाईने आखावा आणि दर महिन्याच्या शेवटच्या परेडला तो आकडा ज्याचा त्याला बाजूला घेऊन सांगावा. सर्वांसमोर वाचून दाखवू नये. उरलेल्या परेडांचा आकडा ऐकून मुले जितकी जागी होतात तितकी चुकलेल्यांचा आकडा ऐकून होत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

वहीची खरी परीक्षा मित्रच घेतात. ज्याच्याबरोबर दोन वर्षे एका ताटात जेवलो तो रात्री अकरा वाजता मेसेज करतो की उद्या भावाचा साखरपुडा आहे, तेवढी हजेरी मांडून टाक. एनसीसीची शिस्तीची चार सूत्रे पहिल्या वर्षी सगळ्यांकडून पाठ करून घेतली जातात : हसतमुखाने आज्ञा पाळावी, वेळ पाळावी, गाजावाजा न करता कष्ट करावेत, आणि सबबी सांगू नयेत व खोटे बोलू नये. यातले चौथे सूत्र एसयूओला आपल्या हस्ताक्षरात पाळायचे असते. मित्राला नाही म्हणताना कारणमीमांसा करू नये. त्याऐवजी एएनओ सरांच्या नावे रजेचा अर्ज लिहून द्यायला सांगावे आणि तो आपण स्वतः नेऊन द्यावा. एक खोटी हजेरी मांडली की आठवडाभरात ती सगळ्या तुकडीला माहीत होते, आणि मग खरी हजेरीही कोणी खरी मानत नाही.

हुकूम

आता ड्रिल. आपल्या ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात, आणि मराठी जीभ त्यांना आपल्या वळणाने उच्चारते. 'मुड' चे 'मूड' होते आणि तिथेच हुकूम बिघडतो. प्रत्येक हुकमाचे दोन भाग असतात. पहिला भाग सावध करणारा, तो लांबवून म्हणायचा. मग क्षणभर थांबायचे. आणि दुसरा भाग तोडून, आखूड, चाबकासारखा सोडायचा. 'पीछे' ऐकून शरीर तयार होते आणि 'मुड' ऐकून वळते. मधला थांबा गाळला तर पुढची रांग वळते आणि मागची विचार करत राहते. तो फार लांबवला तर कोणीतरी अधीर होऊन आधीच वळतो. चालत्या तुकडीला हुकूम द्यायचा असेल तर तो ठरलेल्या पायावरच पडला पाहिजे, म्हणून बोलणाऱ्याने स्वतः मनात 'एक-दो' मोजत राहावे लागते.

आवाज घशातून काढू नये. घशातून काढलेला आवाज तिसऱ्या दिवशी बसतो आणि नेमका १५ ऑगस्टला फाटतो. दोन अंडर ऑफिसरनी मैदानाच्या दोन टोकांना उभे राहावे, मध्ये शंभर पावले अंतर असावे, आणि एकाने हुकूम द्यावा, दुसऱ्याने तो पाळावा, मग उलट. ऐकू आले नाही तर पाळणारा जागचा हलणार नाही, हाच न्यायनिवाडा. रोज पंधरा मिनिटे, दोन आठवडे, एवढे केले तर आवाज पोटातून येऊ लागतो. पावलांसाठी चुन्याने तीस-तीस इंचांवर वीस-पंचवीस रेघा आखाव्यात आणि तुकडीला त्यांवरून एकेक रांग करून चालवावे. तेज चालीत मिनिटाला साधारण एकशेवीस पावले पडतात, म्हणजे सेकंदकाट्याच्या घड्याळावर अर्ध्या मिनिटात साठ. रेघांवरून चालताना उंच मुलांना पाऊल आखूडावे लागते आणि बुटक्यांना लांबवावे लागते, आणि तुकडी एका लयीत का येत नव्हती हे कोणी न सांगता त्यांनाच कळते.

चूक होणारच. माझी झाली ती २६ जानेवारीच्या सकाळी, ध्वजस्तंभासमोर, प्राचार्य आणि गावातील पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असताना. तुकडीला डावीकडे वळवायचे होते आणि माझ्या तोंडून 'दाहिने मुड' निघाले. पहिल्या रांगेतील मुले हुकमाप्रमाणे उजवीकडे वळली. मागच्या दोन रांगांनी महिनाभर केलेल्या सरावाप्रमाणे डावीकडे वळून घेतले. आणि दोघे जण एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे राहिले. मी घाबरून लगेच दुसरा हुकूम दिला, त्याने गोंधळ वाढला. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या रांगांचे आभार मानायला निघालो होतो, तेव्हा सुभेदार साहेबांनी मला थांबवले. त्यांचे म्हणणे असे की बरोबर पहिली रांग होती, कारण तिने दिलेला हुकूम पाळला. मागच्यांनी माझी चूक झाकण्याचा प्रयत्न केला आणि तो प्रयत्न दिसला. चुकीवरचा इलाज ड्रिलमध्येच आहे : 'जैसे थे'. मराठीत आपण कोर्टाच्या आदेशापासून रखडलेल्या रस्त्यापर्यंत सगळीकडे हे दोन शब्द वापरतो, पण मैदानावर त्यांचा अर्थ नेमका आहे, तो असा की शेवटच्या हुकमाआधी जिथे होता तिथे परत या. चूक लक्षात येताच, आवाज न पाडता, 'जैसे थे' म्हणावे, एक श्वास घ्यावा आणि बरोबर हुकूम द्यावा. पाहुण्यांपैकी निम्म्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटतो.

गणवेश आणि रगडा

नव्या कॅडेटला गणवेश हाती मिळतो, पण तो अंगावर कसा बसवायचा हे कोणी सांगत नाही, आणि पहिल्या परेडला त्याची बेरे टोपी डोक्यावर भाकरीसारखी पसरलेली असते. हे शिकवण्याचे काम दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे द्यावे. बेरे कोमट पाण्यात बुडवून, पिळून, डोक्यावर चढवायची. पट्टा कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटे, आडवा सरळ. बॅज डाव्या डोळ्याच्या वर. आणि उरलेले कापड उजव्या कानाकडे खेचून तळहाताने दाबत बसायचे. ती डोक्यावरच वाळू द्यायची. वसतिगृहात रविवारी दुपारी ओल्या बेरे घालून अभ्यास करणारी चार मुले दिसली की ओळखावे, या वर्षीची तुकडी नीट निघणार. बुटांना पॉलिश लावताना आधी ब्रशने थर द्यावा आणि मग ओल्या कापसाने टोकावर लहान गोल फिरवत राहावे. पितळेला ब्रासो लावताना खाली कागद धरावा, नाहीतर बेल्टच्या कापडावर पांढरा डाग पडतो आणि तो जात नाही.

गणवेशात चूक झाली, उशीर झाला, रांगेत हसू आले, की जुन्या वहिवाटीप्रमाणे सीनिअर 'रगडा' लावतात : मैदानाला फेऱ्या, दंड, फ्रंट रोल, कधी भर उन्हात उभे करणे. यावर माझे मत स्पष्ट आहे. एसयूओने कोणालाही शारीरिक शिक्षा करू नये. एक तर तो अधिकार त्याच्याकडे नाही, आणि कोणी चक्कर येऊन पडले तर उत्तर एएनओ सरांना द्यावे लागते. शिवाय ज्या मुलाच्या मनात आधीच सोडावे की राहावे असे चालू असते त्याला रगडा सोडण्याचे कारण पुरवतो. 'आम्हीही सोसले' हे सांगणारे सोडून गेलेल्यांची गणती कधी करत नाहीत. उशिरा येणाऱ्याला पुढच्या परेडला अर्धा तास आधी बोलावून मैदान आखण्याचे, झेंड्याची दोरी तपासण्याचे किंवा नाश्त्याची केळी मोजून घेण्याचे काम द्यावे. वेळेवर येऊन काम केले तर विषय संपला. तिसऱ्यांदा उशीर झाला तर आपण न्यायाधीश होऊ नये. एएनओ सरांकडे न्यावे, आणि नेण्यापूर्वी एकदा कारण विचारावे. माझ्या तुकडीत सतत उशिरा येणारा एक मुलगा पहाटे दूध घालून सायकलने अकरा किलोमीटर येत होता, हे मला डिसेंबरमध्ये कळले. चूक त्याची नव्हती, चार महिने न विचारणाऱ्या माझी होती.

शिबिर

वार्षिक प्रशिक्षण शिबिर दहा दिवसांचे असते आणि तिथे तुमची तुकडी इतर महाविद्यालयांच्या मुलांमध्ये मिसळून अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशा कंपन्यांमध्ये वाटली जाते. म्हणजे ज्यांना तुम्ही वर्षभर ओळखता ते पांगतात आणि ज्यांना कधी पाहिले नाही ते तुमच्या हाताखाली येतात. तयारी निघण्याच्या आठ दिवस आधी संपलेली असावी, आणि तीत सर्वांत वर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकांचे संमतीपत्र ठेवावे. मी ही कागदपत्रे आदल्या रात्री फोनवर विचारून 'आहेत' असे ऐकून घेतली होती. पहाटेच्या एसटीने आम्ही शिबिराच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा दोघांची प्रमाणपत्रे डॉक्टरच्या सहीविना निघाली, आणि ती दोन मुले आपापल्या ट्रंकांवर फाटकाबाहेर दुपारपर्यंत बसून राहिली. कागद हातात घेऊन, डोळ्यांनी पाहूनच यादीत खूण करावी. फोनवरचे 'आहे' म्हणजे 'असावे' असते.

सामानात स्टीलचे ताट, मग, अंथरूण, मच्छरदाणी, टॉर्च, कुलूप, दोन जोड मोजे जास्त, सुईदोरा आणि ओआरएसच्या पुड्या हव्यात. नवे बूट शिबिरात पहिल्यांदा घालू नयेत. पंधरा दिवस आधीपासून रोज तासभर घालून ते पायाला ओळखीचे करावेत, नाहीतर दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि उरलेले आठ दिवस तो कॅडेट ड्रिलऐवजी सावलीत बसून काढतो.

तिसऱ्या रात्रीकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या रात्री उत्साह असतो, दुसऱ्या रात्री थकवा इतका असतो की पाठ टेकताच झोप लागते, आणि तिसऱ्या रात्री घर आठवते. मेसची डाळ पातळ लागू लागते, पोट बिघडते, कोणी अंथरुणात तोंड खुपसून रडतो आणि सकाळी ताप आला म्हणून सांगतो. या रात्री झोपण्याआधी प्रत्येक तंबूत किंवा बराकीत पाच मिनिटे बसावे, पाणी किती प्यायले ते विचारावे, जेवण कोणी टाकले ते पाहावे. खरा ताप असेल तर रात्रीच एमआय रूममध्ये, म्हणजे शिबिराच्या दवाखान्यात, न्यावे, सकाळची वाट पाहू नये. नुसते घर आठवत असेल तर त्या मुलाला दुसऱ्या दिवशी काहीतरी काम द्यावे, लाइन एरिया, म्हणजे तंबूंभोवतीची जागा, सजवण्याचे किंवा शेवटच्या रात्रीच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवण्याचे. शेवटच्या दिवसाच्या बडाखान्यापर्यंत, म्हणजे सर्वांच्या एकत्र जेवणापर्यंत, तोच मुलगा पत्ते आणि फोन नंबर गोळा करत फिरताना दिसतो.

फायरिंगच्या दिवशी तुमचे काम रांग आणि शांतता एवढेच आहे. पॉइंट टू टू रायफल हातात देणे, हुकूम देणे, रायफल रिकामी आहे हे तपासणे हे सगळे उस्तादांचे आहे, आणि तिथे मदत करण्याचा उत्साह दाखवू नये. रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. आठवण म्हणून एकही खिशात टाकू नये हे बसमध्येच बजावावे.

याच शिबिरांतून दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराची वाट सुरू होते. निवडीच्या फेऱ्या गट आणि संचालनालय पातळीवर पावसाळ्यानंतर सुरू होतात आणि जानेवारीचा जवळजवळ सगळा महिना दिल्लीत जातो. महाराष्ट्र संचालनालयाने २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे पंतप्रधानांचा ध्वज, म्हणजे या शिबिरातील सर्वोत्तम संचालनालयाचा मान, जिंकला, त्यामुळे इथे चुरस मोठी आहे. गोव्यातील तुकड्या कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येतात, म्हणून तिथल्या मुलांची निवड वेगळ्या वाटेने होते. जाऊ इच्छिणाऱ्या कॅडेटला एसयूओने एकच व्यावहारिक सल्ला द्यावा : सत्रपरीक्षा, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत गुण यांची परवानगी जाण्यापूर्वी, लेखी, विभागप्रमुखांच्या सहीने घ्यावी. परत आल्यावर मागितलेली सवलत ही मेहेरबानी ठरते आणि ती मिळेलच असे नसते.

या शिबिरांखेरीज गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी, रक्तदान शिबिरासाठी किंवा वारीच्या वाटेवर मदतीसाठी तुकडी मागितली जाते. मागणी लेखी आली आणि एएनओ सरांनी होकार दिला तरच जावे. कामाची वेळ आधी ठरवून घ्यावी, दोघांच्या जोड्या लावाव्यात, आणि रात्री मुली घरी कशा पोहोचणार हे ठरल्याशिवाय कोणालाही जागेवर उभे करू नये.

अभ्यास, परीक्षा आणि पुढचा रस्ता

एसयूओचे स्वतःचे शिक्षण ही या सगळ्यात पहिल्यांदा बुडणारी गोष्ट असते. टीवायचे निकाल लागल्यावर कोणी विचारत नाही की तुम्ही किती परेड घेतल्या. आठवड्यातील दोन संध्याकाळी फोन एनसीसीसाठी बंद ठेवावा आणि त्या वेळेत ज्युनिअर अंडर ऑफिसरने फोन घ्यावा. त्याचीही त्यातून तालीम होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एनसीसी हा चोवीस श्रेयांकांचा वैकल्पिक विषय म्हणून देण्याची सूचना विद्यापीठांना केली, तेव्हा आपल्या विद्यापीठात तो कसा लागू झाला आहे हे परीक्षा विभागात जाऊन विचारावे. मैदानावर ऐकलेल्या बातमीवर विषय निवडू नयेत.

सी प्रमाणपत्राच्या परीक्षेत मुले ड्रिलमध्ये तरतात आणि नकाशावाचनात बुडतात. सहा अंकी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरची जागा दाखवणारे सहा आकडे, काढताना आधी आडवे वाचायचे की उभे, यात दर वर्षी घोळ होतो. त्यासाठी एकच युक्ती पुरते, जी आम्हाला उस्तादांनी सांगितली होती : आधी घरात शिरायचे, मग जिना चढायचे. म्हणजे डावीकडून उजवीकडे आधी, खालून वर नंतर. महाविद्यालयाच्या आवाराचा नकाशा मोठ्या कागदावर काढून, त्यावर चौकटी आखून, कॅन्टीन, ग्रंथालय आणि ध्वजस्तंभ यांचे संदर्भ मुलांकडून काढून घेतले तर एका तासात जे समजते ते पुस्तकातून महिन्यात समजत नाही.

सी प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी आणि पदवीला पन्नास टक्के गुण असतील तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीसाठी अर्ज करता येतो आणि निवड झाली तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत प्रशिक्षण होते. याचा अर्थ मुले फार सोपा लावतात. लेखी परीक्षा टळते, एसएसबीचे दिवस टळत नाहीत, आणि तिथे कोणीही तुम्हाला 'पीछे मुड' करायला सांगत नाही. अनोळखी आठ-दहा जणांच्या गटात एक ओंडका आणि दोरी देऊन खड्डा ओलांडायला सांगतात, आणि दुसऱ्याचे ऐकून घेणारा कोण, ओरडणारा कोण हे पाहतात. ज्याने वर्षभर केळी मोजली, वही ठेवली आणि रुसलेल्यांना परत आणले, त्याला या गटात बोलण्यासारखे बरेच असते.

सोपवणी

पुढचा एसयूओ फेब्रुवारीत ठरतो असे समजावे, जरी रँक नंतर जाहीर झाली तरी. तेव्हापासून हजेरी त्याच्याकडून मांडून घ्यावी आणि आपण फक्त तपासावी; उस्तादांचा फोन आला की त्याला शेजारी बसवून ऐकवावा; एखादी परेड संपूर्ण त्याच्या हाती द्यावी आणि आपण मागच्या रांगेत साध्या कॅडेटसारखे उभे राहावे. तो चुकला तर मागून कुजबुजून सुधारू नये. त्याला 'जैसे थे' म्हणू द्यावे.

शेवटच्या आठवड्यात स्टोअरची मोजणी दोघांनी मिळून करावी. बेल्ट, अँकलेट, जर्सी, ड्रमच्या काठ्या, नकाशे, मैदान आखायची चुन्याची बादली, सगळे रजिस्टरशी ताडून पाहावे, आणि जे कमी भरेल ते लपवू नये. 'बेल्ट दोन कमी, जर्सी एक फाटलेली' असे लिहून, तारीख घालून, दोघांनी सही करावी आणि एएनओ सरांची सही घ्यावी. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी माझ्या जागी आलेल्या मुलीसाठी तीन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या : कपाटाची दुसरी चावी कोणत्या शिपाईमामांकडे असते, नाश्त्याचे बिल कोणत्या तारखेआधी लावावे लागते, आणि पायाला आठ नंबरचे बूट लागणारी मुले दर वर्षी जास्त असतात, म्हणून ते जुलैतच मागून घ्यावेत.